उजव्या पायाचे सात अंश

गुडघा दुखतो म्हणून मी दवाखान्यात गेलो आणि डॉक्टरांनी खुब्यापासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे लिहून दिला, तेव्हा ही बिल वाढवण्याची युक्ती असावी, असेच मला प्रथम वाटले. पाटबंधारे विभागात ३४ वर्षे आरेखक म्हणून काम केलेल्या माणसाच्या मनात असला संशय यायला नको होता. कालव्याचे पाणी मध्येच तुंबते म्हणून कोणी फक्त तुंबलेल्या जागेचे माप घेत नाही. वरच्या आणि खालच्या टोकाची पातळी कळल्याशिवाय मधल्या जागेबद्दल बोलताच येत नाही. परंतु कालवा सरकारचा असतो आणि गुडघा आपला असतो, त्यामुळे कागदावर सहज कळणारी गोष्ट स्वतःच्या पायाबाबत कळायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

दुखणे जुने होते. नागपूरच्या छत्रपती चौकातल्या मेट्रो स्थानकाचा जिना चढताना फारसे काही होत नसे, पण उतरताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ येई. उजव्या चपलेची टाच नेहमी बाहेरच्या कडेने झिजत असे आणि ती चपलेची खोट आहे, असे मी समजत होतो. घराजवळ काढलेल्या पहिल्या एक्स-रेमध्ये गुडघ्यात बऱ्यापैकी फट दिसत होती, म्हणून तेल लावा, वजन सांभाळा, असे सांगून मला परत पाठवण्यात आले. तो एक्स-रे झोपवून काढलेला होता. झोपलेल्या माणसाच्या गुडघ्यावर भार नसतो आणि हाडांच्या टोकांवरची कूर्चेची गादी झिजून गेलेली असली तरी हाडे एकमेकांपासून थोडी दूर राहू शकतात, हे मला पुढे धंतोलीतल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडून कळले. त्यांनी तेथेच उभे राहून काढलेल्या एक्स-रेमध्ये आतल्या बाजूची फट उरलेलीच नव्हती. मांडीचे हाड नडगीच्या हाडावर सरळ टेकले होते. बाहेरच्या बाजूची फट मात्र शाबूत दिसत होती.

गुडघ्याचे तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. माझा आतलाच कप्पा गेलेला दिसत असल्याने संपूर्ण गुडघा बदलण्याऐवजी अर्धाच बदलता येईल का, असा प्रश्न होता. त्याचे उत्तर फिल्म पाहण्याआधी डॉक्टरांनी माझ्या पायाकडे पाहून शोधायला सुरुवात केली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चालणार नव्हते. मांडीपासून पाय दिसला पाहिजे म्हणून त्यांनी मला हाफ पँटवर उभे केले. दोन्ही घोटे एकमेकांना चिकटवल्यावर दोन गुडघ्यांच्या मध्ये त्यांची चार बोटे आरामात गेली. मग त्यांनी खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावले आणि स्वतः खाली बसून, पाऊल टेकताना गुडघा बाहेरच्या बाजूला झटका देतो का, हे पाहिले. दुखणारी जागा तळव्याने नव्हे, एका बोटाने दाखवा, असे सांगितल्यावर माझे बोट आपोआप आतल्या फटीवर गेले. खुब्याचे दुखणे कधी कधी गुडघ्यात जाणवते, म्हणून त्यांनी पाय खुब्यातूनही फिरवून पाहिला.

या सगळ्यात माझ्या लक्षात राहिली ती टेबलावरची तपासणी. मी उताणा पडलो होतो. एका हाताने घोटा धरून आणि दुसऱ्या हाताने गुडघ्याला बाहेरून आत रेटून त्यांनी हळूहळू जोर लावला आणि इतकी वर्षे धनुष्यासारखा दिसणारा माझा पाय माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ सरळ झाला. हात काढताच तो पुन्हा वाकला. आतल्या बाजूचा अस्थिबंध (लिगामेंट) आखडलेला नाही, केवळ झीज झाली तेवढीच जागा खचली आहे, असा याचा अर्थ होता. तो आखडलेला असता तर कितीही रेटले तरी पाय सरळ झाला नसता आणि अर्ध्या गुडघ्याचा विषय तेथेच संपला असता, कारण या शस्त्रक्रियेत अस्थिबंध सोडवून पाय सरळ करत नाहीत. नडगी पुढे ओढून एसीएल, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणारा गुडघ्यातला अस्थिबंध, शाबूत असल्याचीही त्यांनी खात्री केली. गुडघा पूर्ण सरळ करायला सांगितल्यावर मात्र तो पाच अंशांवर अडला. हे पाच अंश पुढे मला चांगलेच महागात पडले.

त्यानंतर स्कॅनोग्राम. नागपुरात कोणत्याही तपासणी केंद्रात हाच शब्द चालतो. उभे राहून दोन्ही पायांचा खुब्यापासून घोट्यापर्यंत काढलेला एकसंध एक्स-रे. चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘वाट्या समोर’ असे दोन शब्द अधोरेखित करून लिहिले होते. त्या आठवड्यात हिवाळी अधिवेशनामुळे वर्धा रोडवर जागोजागी अडथळे लावलेले होते, म्हणून मी धंतोलीत न थांबता घराकडच्या एका केंद्रात जाऊन तो काढला. तेथे गर्दी होती. तंत्रज्ञ मुलाने मला पाठ लावून उभे केले, टाचा जुळवायला आणि पंजे बाहेर करायला सांगितले, म्हणजे शाळेतल्या कवायतीतले ‘सावधान’. दुखरा गुडघा किंचित वाकलेला होता, याकडे त्याचे लक्ष गेले नाही आणि मीही काही बोललो नाही. वर, मध्ये आणि खाली असे तीन एक्स-रे घेऊन संगणकाने ते जोडले. अहवालात उजव्या पायाला १० अंशांचा बाक लिहून आला.

डॉक्टरांनी तो आकडा वाचलाच नाही. त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि विचारले, ‘‘काका, ही वाटी कुठे बघते आहे?’’ वाटी मांडीच्या हाडाच्या मध्यावर असायला हवी होती, ती बाहेरच्या कडेला सरकलेली होती. नडगीशेजारचे बारीक हाड जवळजवळ पूर्ण नडगीमागे लपले होते आणि वर खुब्यापाशी मांडीच्या हाडाचा आतला लहान उंचवटा नको तितका ठळक दिसत होता. तिन्ही खुणा एकच सांगत होत्या, की पाय बाहेर वळलेल्या स्थितीत फिल्म काढली आहे. गुडघा वाकलेला आणि पाय बाहेर वळलेला अशा दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की समोरून नसलेला बाक दिसतो, आणि असलेला बाक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो, असे त्यांनी सांगितले.

मला हे घरी येईपर्यंत पटले नव्हते. सुताराची घडीची फूटपट्टी माझ्याकडे अजून आहे. ती बिजागरीतून किंचित दुमडून दुपारच्या उन्हात भिंतीसमोर उभी धरली. बिजागरी थेट भिंतीकडे असताना सावली सरळ पडली, जणू पट्टी दुमडलेलीच नाही. मग पट्टी तशीच ठेवून मनगट थोडेसे फिरवले आणि सावलीला मधोमध कोन पडला. जितके फिरवावे तितका कोन वाढत होता. पट्टी मात्र तीच होती. एक्स-रे ही सुद्धा शेवटी सावलीच. आयुष्यभर इतरांना आलेखन आणि प्रक्षेपण समजावून सांगणाऱ्या मला हे चिठ्ठीवरच्या दोन अधोरेखित शब्दांवरून उमगायला हवे होते. त्या केंद्राने फिल्म ‘नीटच’ असल्याचे सांगून पैसे परत करायला नकार दिला. मी वाद घातला नाही, पण फिल्म जपून ठेवली आहे.

दुसरी फिल्म डॉक्टरांच्याच रुग्णालयात काढली. तेथल्या तंत्रज्ञ ताईंनी माझ्या पंजांकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी खाली बसून दोन्ही अंगठ्यांनी वाटीच्या दोन कडा चाचपल्या, वाटीच्या मध्यावर चिकटपट्टीचा लहान तुकडा लावला आणि तो तुकडा थेट यंत्राकडे येईपर्यंत माझा पाय टाचेवर आत वळवत नेला. पंजा विचित्र आत गेलेला पाहून मी तो सरळ करायला लागलो, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘काकाजी, पंजा कुठंही जाऊ द्या जी, वाटी हलू देऊ नका.’’ गुडघा शक्य तितका ताणायला लावला आणि वजन दोन्ही पायांवर सारखे टाकायला सांगितले, कारण दुखरा पाय वाचवून उभे राहण्याची सवय असलेला माणूस नकळत सगळा भार चांगल्या पायावर देतो आणि मग दुखऱ्या पायाचा खरा बाक फिल्मवर येत नाही. मापे खरी यावीत म्हणून गुडघ्याच्या उंचीवर ज्ञात व्यासाची एक पोलादी गोळी चिकटवली. यंत्राची नळी सुमारे दहा फूट दूर होती. तीन एक्स-रे होईपर्यंत मी भिंतीवरच्या स्विचकडे एकटक पाहत उभा राहिलो.

या फिल्मवर उजव्या पायाचा बाक ७ अंश निघाला. त्याच माणसाच्या त्याच पायाच्या दोन फिल्ममध्ये ३ अंशांचा फरक होता.

डॉक्टरांनी पडद्यावर रेषा आखल्या, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढून बसलो. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याभोवती एक वर्तुळ बसवून त्याचा केंद्रबिंदू घेतला, दुसरा बिंदू घोट्याच्या सांध्याच्या मध्यावर, आणि दोन्ही जोडणारी रेषा, म्हणजे उभ्या माणसाचा भार ज्या वाटेने जमिनीकडे जातो ती वाट. साधारणपणे ही रेषा गुडघ्याच्या मध्याजवळून जाते. माझ्या उजव्या पायात ती मध्यापासून २४ मिलिमीटर आत होती. चालताना निरोगी गुडघ्यातही आतल्या कप्प्यावर बाहेरच्यापेक्षा जास्त भार असतो, आणि रेषा जसजशी आत सरकते तसा तो आणखी वाढतो. भार वाढला की झीज वाढते आणि झीज वाढली की रेषा आणखी आत जाते. २००१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुडघ्याचा संधिवात असलेल्या रुग्णांवर १८ महिने लक्ष ठेवण्यात आले, तेव्हा असा बाक असलेल्या पायांत आतल्या कप्प्याची झीज वाढण्याचे प्रमाण सुमारे चौपट आढळले होते. माझ्या चपलेची टाच हेच सांगत होती, एवढेच की मी चपला बदलत राहिलो.

नंतर आले ते तीन कोन, ज्यांनी सगळा निकाल लावला. खुब्यापासून येणारी रेषा मांडीच्या हाडाच्या खालच्या पृष्ठभागाशी बाहेरच्या बाजूने ८८ अंशांचा कोन करत होती आणि घोट्याकडे जाणारी रेषा नडगीच्या वरच्या पृष्ठभागाशी आतल्या बाजूने ८५ अंशांचा. दोन्ही कोन ८५ ते ९० या नेहमीच्या मर्यादेत बसतात. त्यांतला फरक ३ अंश. दोन हाडांमधली फट मात्र समांतर नव्हती. ती आतल्या बाजूला ४ अंशांनी मिटलेली होती. तीन आणि चार मिळून सात. सातपैकी सगळेच अंश रोगाचे नव्हते, हे मला या बेरजेने कळले. चार अंश झिजेचे होते आणि तीन अंश माझे स्वतःचे, जन्मजात म्हणावेत असे. डाव्या, न दुखणाऱ्या पायात तेच कोन ८७ आणि ८५ आले, फट एका अंशाची, म्हणजे एकूण बाक तीनच अंशांचा. दोन्ही पाय मुळात एकाच नकाशावरून आखलेले होते.

रेटून घेतलेल्या एक्स-रेने या बेरजेचा ताळा केला. गुडघ्याखाली उशी देऊन तो सुमारे २० अंश वाकवलेला, डॉक्टर स्वतः शिशाचे ॲप्रन घालून शेजारी उभे, आणि टेबलावर त्यांनी जसा बाहेरून जोर दिला होता तसाच जोर देत असताना फिल्म. दुखले, पण क्षणभरच. फिल्मवर आतली मिटलेली फट उघडली होती आणि दोन्ही पृष्ठभाग समांतर झाले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सगळा दाब बाहेरच्या कप्प्यावर आला असतानाही तेथली फट ६ मिलिमीटर टिकून होती. तेथली गादी पूर्ण जाडीची आहे, याचा हा पुरावा. केवळ उभ्या एक्स-रेमध्ये बाहेरची फट चांगली दिसते म्हणून समाधान मानायचे नसते, कारण वाकलेल्या पायात त्या बाजूवर फारसा भारच नसतो.

घरी मात्र वेगळाच प्रश्न उभा राहिला. डॉक्टरांनी फाइलवर लिहिले होते की झिजेचे चार अंश भरून काढायचे आणि तीन अंशांचा मूळ बाक तसाच ठेवायचा. सौभाग्यवतींनी ते वाचले आणि विचारले, ‘‘अहो, एवढे पैसे घालून पाय वाकडाच राहणार काय?’’ खरे सांगायचे तर माझ्याही मनात हेच होते. काटकोनाला काटकोनच म्हणायची सवय असलेल्या माणसाला जाणूनबुजून ३ अंश सोडून देणे म्हणजे कामचुकारपणा वाटतो.

पुढच्या भेटीत मी हा प्रश्न स्पष्टपणे विचारला. उत्तराचा गाभा असा होता की अर्ध्या गुडघ्यात आपण दुसऱ्या, चांगल्या कप्प्याला हात लावत नाही आणि अस्थिबंधही तसेच ठेवतो. आतल्या बाजूला धातूचे दोन भाग आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकची चकती बसते. चकतीची जाडी एकेका मिलिमीटरच्या फरकाने निवडता येते. गेलेली गादी भरून निघेल एवढीच जाडी घातली तर अस्थिबंध पूर्वीइतके ताणले जातात आणि पाय आजारापूर्वीच्या रेषेवर परत येतो. पाय देखणा दिसावा म्हणून जास्त जाड चकती घातली तर भाराची रेषा बाहेरच्या कप्प्याकडे ढकलली जाते आणि ज्या गादीच्या भरवशावर अर्धीच शस्त्रक्रिया केली, तीच झिजू लागते. उलट चकती पातळ राहिली तर उरलेल्या बाकाचा सगळा भार नव्या भागावर आणि त्याखालच्या हाडावर येतो. संपूर्ण गुडघा बदलताना पारंपरिक पद्धतीत पाय १८० अंशांच्या, म्हणजे अगदी सरळ रेषेच्या, तीन अंश अलीकडे-पलीकडे आणण्याचे लक्ष्य ठेवतात. तरुण रुग्णात नडगीचे हाड कापून रेषा वळवण्याची शस्त्रक्रिया असते, तिच्यात तर रेषा मुद्दामच मध्याच्या पलीकडे नेतात. फिल्म तीच असली तरी कोणती शस्त्रक्रिया करायची, यावर तिच्यातून काय वाचायचे हे ठरते.

मूळचाच बाक असतो, हे मला पटवायला त्यांनी बेल्जियममधल्या एका अभ्यासाचा दाखला दिला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २० ते २७ वयाच्या, गुडघ्याची कोणतीही तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींचे असेच उभे एक्स-रे काढले होते. त्यांपैकी ३२ टक्के पुरुषांच्या आणि १७ टक्के स्त्रियांच्या पायांत ३ अंश किंवा त्याहून अधिक बाक निघाला. माझे समाधान अभ्यासापेक्षा एका छायाचित्राने अधिक झाले. कपाटातून १९७७ सालचा कॉलेजच्या कबड्डी संघाचा फोटो काढला. मागच्या रांगेत डावीकडून तिसरा मी, हाफ चड्डीवर, आणि दोन्ही गुडघ्यांच्या मधून मागच्या भिंतीची उभी पट्टी स्वच्छ दिसते आहे. आई मला ‘फेंगड्या’ म्हणत असे, हे त्या वेळी आठवले. डॉक्टरांनी तो फोटो मोबाइलवर टिपून घेतला. मापाला त्याचा उपयोग नव्हता, पण त्यांना तो आवडला.

बाकीच्या अटी चटकन तपासून झाल्या. १९८९ साली कोझिन आणि स्कॉट यांनी अर्ध्या गुडघ्यासाठी रुग्ण निवडताना घातलेल्या मर्यादा आजही उल्लेखिल्या जातात: वय ६० च्या पुढे, वजन ८२ किलोच्या आत, गुडघा किमान ९० अंश हलणारा, सरळ होण्यातली कमतरता ५ अंशांच्या आत आणि बाक १५ अंशांच्या आत व हाताने सरळ होणारा. अलीकडे वय आणि वजन यांबाबत इतका कडकपणा पाळत नाहीत, असे डॉक्टर म्हणाले. बाक सरळ होतो की नाही, या अटीत मात्र त्यांनी सूट दिली नाही. माझे वय ६७, वजन ७४ किलो, आणि पाच अंशांवर अडणारा गुडघा अगदी काठावर. शस्त्रक्रियेपूर्वी तीन आठवडे टाचेखाली उशी ठेवून गुडघा ताणण्याचा व्यायाम त्यासाठीच दिला गेला.

आदल्या दिवशी रुग्णालयात दाखल झालो, तेव्हा फाइलच्या पहिल्या पानावर एक लहान आकृती होती: दोन रेषा, तीन कोन आणि खाली ‘उजवा, ३ अंश ठेवणे’. आकृती हाताने काढलेली, प्रमाणात नसलेली, पण मापे लिहिलेली. अशा आकृतीवर आम्ही कार्यालयात ‘प्रमाणानुसार नाही’ असा शेरा मारत असू. तो मारायचा मोह मी आवरला.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांनी पुन्हा स्कॅनोग्राम झाला. त्याच ताई, वाटीवर तोच चिकटपट्टीचा तुकडा. फिल्म हातात आल्यावर मी आधी वाटी मध्यावर आहे का ते पाहिले, मग नडगीशेजारचे बारीक हाड मोकळे दिसते का ते पाहिले, आणि दोन्ही ठीक असल्याची खात्री झाल्यावरच खालचा आकडा वाचला. तो १७६ होता, म्हणजे चार अंश, ठरवल्यापेक्षा एक जास्त. डॉक्टर म्हणाले, ‘‘चालेल.’’ घरी आल्यावर घोटे जुळवून आरशासमोर उभा राहिलो आणि गुडघ्यांच्या मध्ये बोटे घालून पाहिली. अडीच बोटे गेली.